वाल सोलणारी एक स्त्री, मुलुंड पूर्व

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या विभागाचं मेल आलं. साथीच्या वर्षातल्या सगळ्या तासांची रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी पुसून टाकणार आहोत, ज्यांना हवीत त्यांनी त्याआधी उतरवून घ्यावीत, असा दोन ओळींचा कोरडा मजकूर. माझा विभाग म्हणजे मध्य युरोपातल्या एका विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा आंतरराष्ट्रीय विभाग. तिथे मी वर्षभर शिकले आणि तिथे मी कधीही गेले नाही. शिष्यवृत्ती मिळाली, बॅग भरली, आईने कुळथाच्या पिठाचे तीन डबे बांधून दिले, आणि त्याच सुमारास जगभरची विमानं जमिनीवर बसली. मग विभागच आमच्या घरी आला. मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर.

एरवी ते मेल वाचून मी विसरले असते. आता घाटकोपरच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना मी राज्यशास्त्र शिकवते. त्यांच्या उत्तरपत्रिका तपासता तपासता स्वतःचं शिक्षण कधी झालं होतं हेसुद्धा आठवेनासं होतं. पण त्याच आठवड्यात बोरिवलीहून मावशीचा फोन आला होता. आईला जाऊन दोन वर्षं झाली. मावशी तिची पाठची बहीण, आता एकटीच उरलेली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तुझ्याकडे ताईचा आवाज असेल ना गं कुठेतरी? फोटो ढीगभर आहेत. पण तिचा आवाज आठवायला गेले की मला माझाच ऐकू येतो."

मी फोन धुंडाळला. लग्नाच्या व्हिडिओत आई आहे, पण बॅन्ड तिच्यावर वाजतोय. बारशाच्या व्हिडिओत ती पाठमोरी आहे. फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची पद्धत तिला मान्यच नव्हती. बोलायचं तर समोरून बोल, नाहीतर ठेव, असं तिचं म्हणणं. सहासष्ट वर्षं जी बाई बोलली, भांडली, भाजीवाल्याला धारेवर धरत राहिली, तिचा एक शब्द माझ्याकडे नव्हता. तेवढ्यात ते मेल आलं. माझ्या डोक्यात चटकन आलं की वर्षभर मी त्याच खोलीतून बोलत होते आणि आई त्याच खोलीत होती. कुठेतरी ती सापडायलाच हवी. माझ्याकडे पंधरा दिवस होते.

*

आमचा तास संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायचा. तिकडे भर दुपार असायची, खिडक्यांतून पांढरं ऊन आत आलेलं. इकडे मुलुंडमध्ये दिवेलागण. कुणाच्या तरी घरातून उदबत्तीचा वास, कुणाच्या घरातून लसणाच्या फोडणीचा, आणि वारा फिरला तर डम्पिंगच्या कचऱ्याचा. हा शेवटचा वास मुलुंडकरांना वेगळा सांगावा लागत नाही. आम्ही खिडकी लावून घेतो आणि बोलणं पुढे चालू ठेवतो.

आमच्या प्राध्यापक हान्ना नावाच्या एक उंच, चष्मा लावणाऱ्या बाई होत्या. त्यांचा एक रिवाज होता. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याने आपल्या खिडकीतून काय दिसतं ते सांगायचं. आम्ही बारा जण, अकरा देशांतले. राज्यशास्त्र शिकायचं तर आधी माणूस कुठून बोलतोय ते कळलं पाहिजे, असं त्या म्हणायच्या. मला ते फार आवडायचं. कुणाच्या खिडकीबाहेर पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, कुणाच्या खिडकीबाहेर बर्फात अडकलेली सायकल असायची. निनो नावाची माझी मैत्रीण जॉर्जियातली. तिच्या खिडकीबाहेर डाळिंबाचं झाड होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी मिठागरं सांगितली. आमच्या गॅलरीतून पूर्वेला मिठागरांचे चौकोन दिसतात, काही कोरडे, काही पाण्याने भरलेले. संध्याकाळी त्यातलं पाणी तांबूस होतं, बांधावर बगळे ओळीने उभे राहतात, आणि पलीकडे खाडीची काळी रेघ. मी इतकं रंगवून सांगितलं की हान्नाबाई म्हणाल्या, मला तिथे यावंसं वाटतंय. मला गुदगुल्या झाल्या. बाहेरचं सांगायला मला काही अडचण नव्हती. अडचण आतली होती.

आत काय होतं? एक लोखंडी कॉट, एक कपाट, बाबांचा हार घातलेला फोटो, दोरीवर वाळणारे कपडे, आणि जमिनीवर ॲल्युमिनियमच्या तीन पातेल्यांत भिजलेले वाल. बाबा गेल्यापासून आई वाल सोलून द्यायची. पूर्वेच्या बाजारातला एक भाजीवाला तिच्याकडे कडवे वाल पोचवायचा आणि सोललेली डाळिंबी घेऊन जायचा. नोकरी करणाऱ्या बायकांना बिरडं खायचं असतं, सोलायला वेळ नसतो. रात्रभर भिजवायचे, उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सालातून सोडवायचा. घरभर तो हिरवट, कडसर वास असायचा. माझ्या दप्तराला यायचा, शाळेच्या गणवेशाला यायचा. वर्गातली एक मुलगी एकदा म्हणाली होती, तू आलीस की कळतं. तेव्हापासून मला त्या वासाची लाज वाटत होती. स्क्रीनमधून वास जात नाही हे कळण्याइतकी अक्कल एम.ए.ला असताना होती, तरी लाज तशीच राहिली होती.

खोटी पार्श्वभूमी लावायचा मी प्रयत्न केला. पण लॅपटॉप जुना, त्याला ते झेपेना. मी मान हलवली की माझा कान गायब व्हायचा आणि तिथे पातेलं उगवायचं. शेवटी मी कपाटावरून पांढरी चादर सोडली आणि तिच्यासमोर खुर्ची ठेवून बसले. तेवढा पांढरा चौकोन म्हणजे माझा परदेश.

कॅमेऱ्यात नक्की काय काय दिसतं हे आईला एकदा समजावून सांगावं लागलं. मी लॅपटॉपसमोर बसले आणि ती खोलीत चालत राहिली, दिसते का, आता दिसते का, विचारत. आता नाही, आता नाही, आता दिसतेस, थांब. जिथे दिसायला लागायची तिथे तिने वाकून खडूने खूण केली. मग त्या खुणा जोडून तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून कॉटच्या पायापर्यंत एक रेघ ओढली. "ह्या रेघेच्या आत यायचं नाही, एवढंच ना?" म्हणाली. रोज लादी पुसून झाली की ती रेघ पुन्हा ओढायची. आमच्या अभ्यासक्रमात सीमा आणि सार्वभौमत्व असा एक अख्खा महिना होता. मी त्यावर निबंध लिहिला आणि मला चांगले गुण मिळाले.

आईची जागा माझ्या डावीकडे, उंबऱ्याला टेकून, रेघेच्या पलीकडे. पाण्यासाठी मोरीत जायचं तर तिला रेघ ओलांडावी लागायची, म्हणून ती आधीच कळशी भरून जवळ ठेवायची. अगदीच नड आली तर गुडघ्यावर रांगत, भिंतीला धरून, कॅमेऱ्याच्या खालून जायची. एकसष्ट वर्षांची बाई. मी एक डोळा स्क्रीनवर ठेवून दुसऱ्या डोळ्याने बघायचे की तिचं डोकं वर तर येत नाही. कुकर साडेसहाच्या आत लावून व्हायचा. मिक्सर बंद. फोन आला तर ती कट करायची. मी बोलण्यासाठी माइक चालू करायच्या आधी तर्जनी वर करायचे, आणि ते बोट दिसलं की तिचे हात पातेल्यात जिथल्या तिथे थांबायचे.

हे सगळं तिने एकदाही तक्रार न करता केलं असं म्हणणार नाही. आईला तोंड होतं. "पंतप्रधान आहेस का गो तू, एवढा बंदोबस्त?" असं ती विचारायची. मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प व्हायची.

*

रेकॉर्डिंग ऐकायची म्हणजे सगळी ऐकायची गरज नव्हती. माझा माइक एरवी बंदच असायचा. मी बोलले तेवढेच तुकडे तपासायचे. कॉलेजातून आल्यावर संध्याकाळी चहा घेऊन मी बसायचे, त्याच खोलीत, कानात हेडफोन घालून.

आपला जुना आवाज ऐकणं ही शिक्षा आहे. किती शहाण्यासारखी बोलत होते मी. लोकशाहीत कुणाचं ऐकलं जातं, कुणाला गृहीत धरलं जातं, सत्ता कशी दिसत नाही तरी असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. माझ्या वाक्यांच्या मागे मी कान लावून बसायचे. खालून भंगारवाल्याची आरोळी ऐकू यायची. कबुतरं ऐकू यायची. दिवाळीच्या आठवड्यात लवंगी फटाके. श्रावणातल्या एका तुकड्यात शेजारच्या घरातली घंटा. आई नव्हती. तिचा श्वास नव्हता, बांगडी नव्हती, पातेल्यावर पातेलं आपटल्याचा आवाज नव्हता. माझ्या बोटाने आपलं काम चोख केलं होतं.

मात्र दुसऱ्यांच्या घरातली माणसं सापडत होती. एका मुलाचे आजोबा मागे खोकत असायचे. कुणाचं तरी बाळ मांडीवर येऊन बसायचं. निनोची आई तर बिनधास्त पडद्यात शिरायची. एका तासाला तिने सोललेल्या संत्र्याची बशी निनोच्या वहीवर ठेवली, कॅमेऱ्यात वाकून बघितलं आणि तिच्या भाषेत आम्हा सगळ्यांना काहीतरी म्हणाली. निनोने भाषांतर केलं की आई विचारतेय, तुम्ही सगळे जेवलात का. अकरा चौकोनांतली माणसं हसली, हात हलवले. हान्नाबाईंनी पुढची पाच मिनिटं तास थांबवून तिची चौकशी केली. त्या रेकॉर्डिंगमध्ये माझाही चौकोन आहे. मीही हात हलवतेय, हसतेय, छान वाटतंय मला. माझ्या आईनेही तेव्हा पलीकडून मान उंचावून बघायचा प्रयत्न केला असणार, कारण तास संपल्यावर तिने विचारलं होतं, ती बाई कोण होती. मैत्रिणीची आई, मी म्हटलं. "बरी दिसत होती," आई म्हणाली आणि डाळिंबी निथळायला ठेवली.

*

उरलेल्या आठवड्यात माझ्या हाती एकच मोठा तुकडा राहिला होता, माझ्या निबंधाचं सादरीकरण. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. वर्षातलं माझं सगळ्यात गाजलेलं भाषण ते. ते ऐकताना माझी छाती फुगणार हे ठाऊक होतं आणि आईला शोधताना छाती फुगवणं बरं दिसलं नसतं.

निबंधाचा विषय होता, घरात बसून केलेलं काम राज्याला का दिसत नाही. त्यासाठी प्रत्येकाने एका व्यक्तीची मुलाखत घ्यायची होती. साथीत बाहेर जायची सोय नव्हती. मी आईची घेतली. दोन दुपारी मी वही घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला हे प्रश्न विचारत होते. कधीपासून करतेस, कोणी शिकवलं, बोटं दुखतात का. ती फार खूश होती. उत्तरं देताना मालवणीतून एकदम पुस्तकी मराठीत शिरायची. "त्यानंतर मी हा व्यवसाय स्वीकारला," असं म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. एक किलो वाल सोलायला किती वेळ लागतो, मी विचारलं. दोघी बसलो तर दोन तास, ती म्हणाली. मी वहीत दोन तास लिहिलं.

शेवटी तिने विचारलं, "माझं नाव घालणार?"

मी तिला समजावलं की संशोधनात नाव घालत नाहीत. माणसाला पुढे त्रास होऊ नये म्हणून नियमच आहे तसा.

"मला कसला त्रास व्हायचाय? नुसतं सुलभा घाल."

मी नाही घातलं. निबंधात तिचा उल्लेख आहे तो असा: वाल सोलणारी एक स्त्री, मुलुंड पूर्व. ती माझी आई आहे हेही मी लिहिलं नाही. जवळच्या नात्यातलं माणूस निवडलं तर अभ्यास कच्चा समजतात, असं मी स्वतःला सांगितलं. हान्नाबाईंनी असं काही म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं. एका मुलाने तर स्वतःच्या बापावरच निबंध लिहिला होता आणि पहिल्याच ओळीत तसं सांगितलं होतं.

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी मी आईला म्हटलं, आज मी तुझ्याबद्दल बोलणार आहे. संध्याकाळी मी चादर सोडून, केस विंचरून बसले आणि डावीकडे बघितलं तर आई मोरपिशी साडीत. मावसभावाच्या लग्नातली, काठ असलेली. केस धुतलेले, कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू. पुढ्यात वालाचं पातेलं मात्र रोजचंच. मी विचारलं, कुठे निघालीयस का? ती म्हणाली, "नाय गो. असंच." मी बोट वर केलं आणि बोलायला लागले.

हे एवढं मला आठवत होतं. साडी आठवत होती, पण तिचा अर्थ लावायच्या भानगडीत मी कधी पडले नव्हते.

रेकॉर्डिंग चालू केलं. पांढऱ्या चादरीसमोर मी, सहा वर्षांनी लहान, आत्मविश्वास उतू जातोय. वाल म्हणजे काय, ते कसे मोड आणून सोलतात, हे मी इंग्रजीत सांगतेय. मग मी म्हणते की ही स्त्री एक किलो वाल दोन तासांत सोलते, आणि या दोन तासांची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

आणि मग माझ्या डावीकडून, जरा लांबून, पण अगदी स्वच्छ:

"दोन नाय गो. दोन दोघी असताना."

मी हेडफोन काढले. पुन्हा घातले. मागे नेलं, पुन्हा ऐकलं. आई होती. तो घशातला किंचित घोगरा आवाज, शब्द संपवताना खाली येणारा. टू अवर्स तिला कळलं होतं आणि आकडा चुकला होता, म्हणून तिने दुरुस्त केला होता. तिच्याच कामाबद्दल बोलणं चाललं होतं. तिला वाटलं असेल, आपल्यालाही बोलायचं असेल आज. मी कॉलेजात जायला लागल्यापासून वाल सोलायला तिच्यासोबत बसले नव्हते. एकटीला चार तास लागत होते. मी तिच्यासमोर दोन दुपारी वही घेऊन बसले, आणि मला हे विचारायचं सुचलं नाही.

मी रडले. बराच वेळ रडले, आणि त्यात आनंदही होता हे खोटं कशाला बोलू. सापडली होती. सहा शब्द का होईना, माझ्याकडे आई होती.

रेकॉर्डिंग चालूच होतं. निनोचा चौकोन उजळला. तिने विचारलं, तुझ्याबरोबर कुणी आहे का? तिला बोलायचंय का काही?

मी हसते. सराईतपणे, क्षणही न दवडता हसते. आणि म्हणते, नाही, नाही, कुणी नाही. शेजारीण आहे. इथल्या भिंती फार पातळ असतात.

हे मला आठवत नव्हतं. शपथेवर सांगते, आठवत नव्हतं. त्या दिवसातलं माझ्याजवळ काय उरलं होतं, तर शेवटी हान्नाबाई म्हणाल्या ते. तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे. माझं बोलणं संपल्यावर त्या म्हणतात, या निबंधात मला सगळ्यात काय आवडलं, तर तू त्या स्त्रीला बोलू दिलंस. हे वाक्य मी वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा सांगितलं होतं.

त्याच्या पुढच्या तासापासून आई खोलीत बसली नाही. साडेसहाच्या आत पातेलं उचलून बाहेर गॅलरीत जायची, शेजारच्या सावंतकाकूंच्या दाराशी. तिथे पाठ टेकायला भिंत आहे आणि मिठागरांवरून वारा येतो. मला वाटलं, बाहेर बरं वाटत असेल तिला, गप्पांना सोबत मिळाली. बरं झालं, असंही वाटलं. आता बोट वर करावं लागत नव्हतं. रेघ दोन-तीन दिवसांत पायांखाली पुसून गेली आणि ती पुन्हा कुणी ओढली नाही.

*

मावशीला मी फोनवर काही सांगितलं नाही. रविवारी बोरिवलीला गेले. आदल्या रात्री घरी बसून मी ते चार सेकंद वेगळे कापून ठेवले होते, "असताना" या शब्दापाशी. तेवढंच ऐकवायचं ठरवलं होतं. मावशीने ऐकायला कान पुढे केला नाही, फोन हातात घेऊन छातीजवळ धरला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. सात-आठदा तरी लावायला लावलं. "दोन नाय गो" तिने स्वतः म्हणून बघितलं, तसंच खाली सोडत. डोळे पुसले, हसली, मला जवळ घेतलं. तिच्या कामाबद्दल मी वर्गात बोलले त्या दिवसाचं आहे, मी सांगितलं. मग म्हणाली, "अगं, म्हणजे हे त्याच दिवसाचं. तिने मला त्याच संध्याकाळी फोन केला होता."

कशाबद्दल, मी विचारलं.

"तूच ओळख करून दिलीस ना तिची त्या सगळ्यांशी. किती सांगत होती. ती तुमची शिकवणारी बाई, चष्मेवाली, तिने म्हणे हात जोडून नमस्कार केला ताईला. ताई म्हणाली, बरं झालं मोरपिशी नेसले होते." मावशीने फोन माझ्यापुढे धरला. "पुढचं लाव ना. नमस्काराचं येईल आता."

अख्खं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये होतं. ते एवढंच आहे, पुढचं पुसलं गेलं, असं म्हणता आलं असतं. मावशीने विश्वास ठेवला असता आणि आईचं खोटं जिथल्या तिथे सुखरूप राहिलं असतं. पण एकदा मी याच आवाजावर पटकन सुचलेलं उत्तर दिलं होतं. दुसऱ्यांदा देववेना. मी लावलं.

निनोचा प्रश्न आला. मग माझं हसणं. मग माझं उत्तर. इंग्रजी मावशीला येत नाही, पण नेबर हा शब्द बोरिवलीच्या सोसायटीत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला समजावून सांगावा लागत नाही. आईलाही लागला नसणार. मावशी शेवटपर्यंत ऐकत राहिली. हान्नाबाई बोलल्या, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं. मी बंद केलं. मावशी रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग नमस्कार कोणी केला?" तिने विचारलं.

"कुणी नाही केला, मावशी."

तिने फोनची बंद काच पदराने पुसली. आतून कुकरची शिट्टी झाली, ती उठली नाही.

"असं कसं," ती म्हणाली. "मग ताईनेच केला असेल. त्यांना. तिथूनच, लांबून."

घरी आल्यावर मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, या वेळी आवाज बंद करून. नुसती स्वतःकडे बघत राहिले. आईने तेव्हा हात जोडले होते का, ते सांगायला कुणी नाही. ती चित्रात नाही. चित्रात मी आहे, सतरा मिनिटं, आणि त्या सतरा मिनिटांत माझी नजर एकदाही डावीकडे गेलेली नाही.